मला न विचारता ओढलेली रेघ

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यातही अर्धं वर्ष शाळेबाहेर होतो. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्याने इथेच थांबावं.

इंदूरला, मल्हारगंजात माझं दुकान आहे. पन्नास वर्षं बोर्ड रंगवले. हिंदी, मराठी, इंग्रजी. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण काढता येतं. त्यांचं प्रत्येक अक्षर माझ्यासाठी एक चित्र आहे. कुठे जाड होतं, कुठे बारीक होतं, हे मला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

लोक म्हणाले, एवढ्या मोठ्या आजारातून उठलात, दुसऱ्यांना धीर येईल असं काही लिहा. धीर मला कोणी दिला नव्हता. मला खोटं दिलं होतं, गोड करून. म्हणून मी राग लिहितो आहे. कोणाला त्यातून धीर मिळाला तर घ्यावा.

लिंबाएवढी

पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्याच्या भिंतीवर नाव काढत होतो. शिडीवर उभा, उजवा हात वर. तेव्हा दिसलं. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, आतल्या अंगाला, बोराएवढं काहीतरी वर आलेलं. दुखत नव्हतं. मी बाही खाली केली आणि नाव पूर्ण केलं.

वर्षभर बाही खालीच ठेवली. मालिशवाल्याकडे गेलो, हळदीचा लेप लावला. बायको, नलिनी, रोज म्हणायची, "अहो, दाखवून या."

मी म्हणायचो, "हात माझा आहे. तुला काय करायचं आहे?"

बोराचं लिंबू झालं, तेव्हा गेलो. ही चूक माझी. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांच्या चुका सांगताना कोणी मला मध्ये अडवायला नको.

श्रीखंड

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट घ्यायला मुलाबरोबर गेलो. सुनील माझा एकच मुलगा, एका कंपनीत हिशेब बघतो. डॉक्टरच्या खोलीच्या दारात मला म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा इथे पंख्याखाली. मी ऐकून येतो."

मी बसलो. आजही विचार करतो, मी का बसलो? आयुष्यात कोणी बस म्हटलं म्हणून बसलो नाही.

बऱ्याच वेळाने बाहेर आला. चष्मा पुसत होता. म्हणाला, "काही नाही हो. चरबीची गाठ आहे. काढून टाकतील."

त्या दिवसापासून घर बदललं. नलिनीने श्रीखंड केलं, तेही भर आठवड्यात, माझी शुगर वाढलेली असताना. सुनीलने टीव्हीचा रिमोट आपणहून माझ्या हातात दिला. मी रंगाचा, तारपिनाचा हात चांगल्या टॉवेलला पुसला, तर कोणी ओरडलं नाही. सून विचारते, "बाबा, चहा घ्याल?" मी दोनदा घेतला होता. तिसऱ्यांदाही दिला.

आमच्या घरात रोज भांडण होतं. होळकरांच्या फौजेतल्या शिपायाचं घर आहे आमचं, आवाज चढल्याशिवाय जेवण पचत नाही. आणि दहा दिवस कोणी भांडेना. मला तेव्हाच घाबरायला पाहिजे होतं. मी मूर्ख, श्रीखंड खात राहिलो.

लाल, निळी, पिवळी

इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

मी पंचविशीत असताना मेडिकल कॉलेजच्या एका प्रोफेसरसाहेबांनी मला बोलावलं. माणसाच्या शरीराचे मोठाले तक्ते कापडावर काढायचे होते, मागच्या बाकावरच्या पोरांनासुद्धा दिसतील एवढे. पुस्तक समोर ठेवायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. दोन वर्षं ते काम केलं. पाय, काळीज, मान, हात. रक्त नेणारी नळी लाल, आणणारी निळी, नस पिवळी. नावं इंग्रजीत, अक्षर बघून बघून काढलेली.

हाताचा तक्ता काढताना मी साहेबांना म्हटलं, "साहेब, ह्यात तळहात पुढे आणि अंगठे बाहेर आहेत. माणूस असा उभा राहतो का?"

साहेब म्हणाले, "जिवंत राहत नाही. टेबलावरचा राहतो."

दोघं खूप हसलो. नंतर एका ठिकाणी मी पिवळी रेघ अर्धा बोट सरकवली होती, दिसायला बरी दिसावी म्हणून. साहेबांनी पूर्ण तक्ता परत काढायला लावला. म्हणाले, "तुझ्या शोभेसाठी उद्या कोणाचा हात जाईल." ते मी विसरलो नाही. तेव्हापासून हाताच्या आत काय कुठे आहे हे मला पाठ आहे. नाव एकाचंही माहीत नव्हतं.

फॉर्म

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती केलं. दुपारी नर्स कागद घेऊन आली. सुनील बाजूला उभा, नलिनी स्टुलावर.

"दादाजी, यहाँ साइन कर दो. और यहाँ."

कागद इंग्रजीत. सुनील पटकन म्हणाला, "बाबा, नुसती सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

माझी सही बघण्यासारखी असते. बँकेतला साहेब एकदा शेजारच्याला बोलावून दाखवत होता. मी पेन घेतलं, पान उलटलं, आणि थांबलो. खाली डॉक्टरने बॉलपेनने एक छोटा हात काढला होता. अंगठा बाहेर. गाठीच्या जागी गोल. आणि कोपराच्या वर, दंडावर, एक आडवी रेघ. रेघेच्या खालचा सगळा भाग तिरक्या रेघांनी भरलेला.

आमच्या धंद्यात जुन्या बोर्डावर असं तिरकं भरलं, की त्याचा अर्थ एकच असतो. एवढं पुसायचं.

मी विचारलं, "सुनील, ही रेघ कशाची?"

"कसली? काही नाही बाबा, डॉक्टरांनी असंच..."

"डॉक्टर असंच रेघ मारत नाही. मीपण मारत नाही. हा माझा हात आहे का?"

नर्स एकदा सुनीलकडे, एकदा माझ्याकडे बघून राहिली.

मी नलिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "तुम्ही हाय खाल्ली असती हो."

"म्हणजे मी झोपेतून उठणार, आणि हात नसणार? मग काय सांगणार होता? उंदराने नेला?"

सुनील रडायला लागला. "सांगणार होतो बाबा. नंतर. आत गेल्यावर बिघडलेलं निघालं, असं सांगणार होतो. आम्हाला तुम्ही पाहिजे होता. हात गेला तरी चालेल."

"तुला चालेल! तुझा आहे का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. म्हणाला, "भिया, धीरे. बीपी बढ़ जाएगा." मी त्यालाही शिवी दिली. तो बिचारा बरोबर बोलत होता.

फॉर्म मी फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. हातातली सुई नर्सला काढायला लावली, चपला घातल्या आणि बाहेर आलो. त्या दिवसापासून मी सुनीलशी आणि नलिनीशी बोलणं बंद केलं.

डॉक्टरबाई

तीन दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. सिटी बसने, एकटा. बरोबर तो फॉर्म, सगळे रिपोर्ट, आणि कॅलेंडरच्या पाठीवर मी काढलेला माझाच हात. लाल, निळी, पिवळी. मधे गाठ, चाचपून जेवढी कळली तेवढी.

डॉक्टरबाई तरुण होत्या, सोलापूरकडच्या, दोन वर्षांपूर्वी इंदूरला आलेल्या. मी म्हटलं, "मी दाखवायला आलोय, कोणाला बरोबर आणलेलं नाही, आणि जे बोलायचं ते माझ्याशी बोलायचं."

त्या हसल्या. "बसा काका." मग कॅलेंडर पाहिलं आणि हसू थांबलं. "हे कोणी काढलं?"

"मीच."

"ही मधली नस एकदम बरोबर जागी आहे."

"माहीत आहे."

त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, फोटो दिव्यासमोर धरले. मग पेन खाली ठेवून विचारलं, "काका, हा कॅन्सर आहे. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. अंदाज होता, पण शब्द कोणी उच्चारला नव्हता. टेबलाची कड धरली, उजव्या हातानेच.

म्हटलं, "आत्ता कळलं."

"सॉरी काका. मला वाटलं..."

"तुम्ही कशाला सॉरी? तुम्ही पहिल्या, ज्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं."

मग त्यांनी माझ्याच चित्रावर बोट ठेवून समजावलं. आधी पाच आठवडे किरणांचा शेक द्यायचा, यंत्रातून. गाठ आखडेल. मग उघडून बघायचं. पिवळी मधली आणि लाल नळी सुटी निघाली तर हात वाचेल, करंगळीकडची दोन बोटं बधिर होतील. त्या गाठीत गुरफटलेल्या असतील तर हात ठेवता येणार नाही. "पण गाठ वरून आखडली, तर दंडाऐवजी कोपराच्या खाली कापता येईल. आधीच्या डॉक्टरांचंही चूक नाही काका. त्यांनी खात्रीचा मार्ग धरला. ह्या मार्गात गाठ परत यायची भीती थोडी जास्त आहे. ठरवायचं तुम्हाला."

ठरवायचं तुम्हाला. हे इतक्या दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

हॉलमधलं चित्र

शेक रोज, रविवार सोडून. नलिनी रोज बरोबर यायची. मी बोलायचो नाही, ती बसमध्ये शेजारी बसायची, डबा मांडीवर. उतरताना माझी बाही धरायची. मी झटकायचो. दुसऱ्या दिवशी परत धरायची.

यंत्राच्या खोलीत हातावर जांभळ्या पेनाने खुणा करतात, नेम धरायला. पहिल्याच दिवशी मी त्या पोऱ्याला म्हटलं, "भिया, लाइन टेढ़ी है."

तो म्हणाला, "दादाजी, मशीन को सीधी दिख री है. आप टेंशन मत लो."

वाट बघायच्या हॉलमध्ये भिंतभर एक चित्र होतं. गुलाबी पट्टी, त्यावर जांभळे ठिपके, ठिपक्यांच्या लाटा. मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. रंग पातळ, कडेला ओघळ आलेला. पण बघत राहायचो, समोर दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाई तिथून चालल्या होत्या. मी विचारलं, "ही कुठली रांगोळी आहे?"

त्या घुटमळल्या. "काका, ते एका कलाकाराने संशोधनावरून केलंय. आमच्या लॅबमधल्या काचेवरून. सूक्ष्मदर्शकात गाठीच्या पेशी अशा दिसतात."

"कोणत्या गाठीच्या?"

"तुमच्यासारख्या."

माझं डोकं फिरलं. सगळा हॉल ऐकत होता, तरी बोललो. "माझ्या घराला आग लागली, आणि त्या आगीचा फोटो चौकट करून माझ्याच बैठकीत लावला? तीन आठवडे मी ह्याच्याकडे तोंड करून बसतो आहे! इथे बसलेल्या एकाला तरी सांगितलं का हे काय आहे?"

एक म्हातारी म्हणाली, "हम तो फूल समझ रिये थे."

डॉक्टरबाईंना मी म्हटलं, "खरं दाखवा. माझं दाखवा."

मला वाटलं टाळतील. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लॅबमध्ये नेलं आणि स्क्रीनवर माझ्या गाठीची काच दाखवली. रंग तेच होते, गुलाबी आणि जांभळा. लॅबवाले म्हणाले, तो रंग ते बाहेरून देतात, त्याशिवाय काही दिसत नाही. पण बाकी चित्र खोटं होतं. त्या कलाकाराने ठिपके लाटेत बसवले होते, एकामागे एक, सारखे. माझ्या गाठीत रांग नव्हती. कोणी लांब, कोणी फुगलेला, एकाच्या अंगावर दुसरा, कुठे जाणार काही ठरलेलं नाही. गर्दीत चेंगराचेंगरी होते तसं.

म्हटलं, "ह्याने शोभेसाठी सरळ केलंय."

मला प्रोफेसरसाहेब आठवले. अर्धा बोट सरकवलेली पिवळी रेघ आठवली. माझा राग त्या कलाकारावर थोडा आणि घरच्यांवर जास्त होता. त्यांनीही तेच केलं होतं. गुलाबी दाखवलं, गर्दी लपवली.

मात्र एक खरं सांगतो. ती काच बघून आल्यावर माझी भीती कमी झाली. शत्रूचं तोंड पाहिल्यावर त्याच्याशी भांडता येतं.

दोन रेघा

शेक संपला. कातडी भाजल्यासारखी काळी झाली, मग महिनाभर सुकू दिली. नवीन फोटो आला. गाठ वरच्या बाजूने दोन बोटं मागे हटली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई खाटेजवळ आल्या, हातात कातडीवर खूण करायचं पेन. सुनील दाराशी उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. बाईंनी फॉर्म हिंदीत वाचून दाखवला, मी सही केली. त्या पेनाचं टोपण काढत होत्या, तेव्हा मी डावा हात पुढे केला.

"इकडे द्या."

"काका?"

"तुम्ही जागा सांगा. रेघ मी मारणार."

नर्स म्हणाली, "मॅडम, ऐसा नहीं होता." डॉक्टरबाईंनी पेन माझ्या हातात दिलं.

पहिली रेघ उभी, गाठीवरून, उघडायची. दुसरी आडवी, लागलीच तर कापायची. त्यांनी कोपराखाली बोट ठेवलं. मी माझी चार बोटं लावून मापलं आणि ओढली. डाव्या हाताने आयुष्यात कधी रेघ मारली नव्हती. जाडी सारखी आली नाही. पण गोल फिरवून दोन्ही टोकं बरोबर जुळवली. त्यांनी त्यावरून त्यांची खूण पक्की केली, खाली सही केली आणि म्हणाल्या, "पहिल्या रेघेवर काम व्हावं म्हणून सगळं करेन. दुसरीच्या वर जाणार नाही."

सुनील तेव्हा आत आला. "बाबा," एवढंच म्हणाला. मी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बोललो नाही. राग होताच.

जाग

दुसरी रेघ लागली.

पिवळी आणि लाल, दोन्ही आत गुरफटलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं, माझे डोळे उघडल्यावर लगेच, घरच्यांच्या आधी. मी विचारलं, "कुठे?"

"तुमच्या रेघेवर."

मी रडलो. तीन दिवस रडलो, चौथ्या दिवशी जेवण फेकलं. नसलेल्या बोटांना खाज सुटायची, ती खाजवायची कुठे? कोणी म्हटलं, "देवाची मर्जी." मी त्याला खोलीबाहेर काढला. कोणी म्हटलं, "जीव तर वाचला." त्यालाही काढला. ज्यांना हे लागू आहे त्यांना सांगतो, अशांना खुशाल बाहेर काढा. औषधासारखा उपयोग होतो.

तक्ता

आमच्या कामात भिंतीवर हात टेकत नाही, ओला रंग पुसतो. म्हणून काम करणारा हात दुसऱ्या हातावर किंवा काठीवर टेकवतात. माझा टेकायचा हात आता काम करणार होता, आणि काम करणारा गेला होता. घरी आल्यावर एक दिवस डाव्या हातात ब्रश घेतला आणि मनगट उजव्या थोट्या हातावर टेकवलं. टेकलं. कोपर होता म्हणून टेकलं. दंडावर कापलं असतं तर टेकायला काही उरलं नसतं.

चार महिने घासून एक तक्ता काढला. माणसाचा हात, अंगठा बाहेर. लाल, निळी, पिवळी, एकही अर्धा बोट सरकलेली नाही. मधे गाठ, गुलाबी आणि जांभळी, पण रांग न लावता, जशी काचेवर पाहिली तशी. एक रेघ उभी, एक आडवी. नावं हिंदीत आणि मराठीत, मला वाचता येतील अशी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: जिसका हाथ है, पहले उसको बताओ.

डॉक्टरबाईंनी तो आपल्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीसमोर लावला. त्यावर बोट ठेवून त्या लोकांना समजावतात. हॉलमधलं चित्र तिथेच आहे. त्याच्या खाली काय आहे हे सांगणारी पाटी मात्र आली, हिंदीत. अक्षरं कॉम्प्युटरची आहेत, मेलेली. पण आहेत.

खजराना

मागच्या महिन्यात नलिनी म्हणाली, "खजरान्याला जायचं आहे. सातिया सुलटा करायला." तोवर मी तिच्याशी हो-नाही एवढंच बोलायचो.

इथे रीत आहे. खजरान्याच्या गणपतीच्या देवळात मागच्या भिंतीवर उलटा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढून मागणं मागायचं, पूर्ण झालं की येऊन सुलटा काढायचा. तिने उलटा सातिया माझा रिपोर्ट आला त्याच दिवशी काढला होता.

मी देवळाच्या मागे उभा राहून चिडलो. "सुलटा कशाचा? हात तर गेला. तुझ्या गणपतीने ऐकलं नाही."

ती म्हणाली, "मी हात मागितलाच नव्हता. तो जाणार हे मला माहीत होतं ना."

"मग काय मागितलं?"

"ह्यांना कळेल तेव्हा हे माझ्याशी बोलणं टाकतील. एक दिवस परत बोलू देत, एवढंच. आत्ता ओरडलात. चालेल मला."

तिने वाटीत शेंदूर कालवला आणि बोटाने काढायला लागली. पहिलीच रेघ तिरकी गेली.

मी अजून माफ केलेलं नाही. तिला नाही, सुनीललाही नाही. हे लिहून ठेवतो. पण तिरकी रेघ मला बघवत नाही.

"हो बाजूला," मी म्हटलं. "वाटी धर नीट. आणि पुढच्या वेळी माझ्याबद्दल काही कळलं, तर आधी मला सांगायचं. समजलं?"

"हो," ती म्हणाली.

मी डावं मनगट उजव्या थोट्यावर टेकवलं आणि रेघ सरळ ओढली.